पालथी होडी

दोन रात्री समुद्रात काढून
तिसऱ्या सकाळी घरात पाय टाकतो तोच
हेमांगी टोपली घेऊन दारात:
"बंदरावर लिलावाला चाललेय. पोरांना बघ."

बघ म्हणजे डोळे उघडे पाहिजेत.
तिथंच सगळा घोळ आहे.

पडवीची जमीन अजून खालून हलते.
जागृती सहा वर्षांची, पारसला चौथं लागलंय,
दोघं जाळ्यातून आत्ता झटकलेल्या बांगड्यांसारखी
या भिंतीवरून त्या भिंतीवर.
मोबाइल चार टक्के. म्हणजे तोही मार्ग बंद.

पहिला खेळ उभ्या उभ्याच काढला.
कोपऱ्यातला तंगूसचा गुंता पुढ्यात टाकला,
म्हटलं, टोक सापडेल त्याला पाच रुपये.
ते टोक मी दिवाळीपासून शोधतोय.

बसायला मिळालं.

मग परातीत चार शंख, आतले खेकडे दडून बसलेले.
ज्याचा आधी बाहेर येईल तो जिंकला.
पण कुजबुज झाली तरी ते आत जातात,
श्वाससुद्धा नाकानं, हळू.
पडवीत अशी शांतता पसरली
की हर्णैच्या बंदरावरचा ओरडा घरात ऐकू यायला लागला,
तेराशे, तेराशे, साडेतेराशे.
पारसच्या खेकड्यानं एक पाय बाहेर काढला,
पारसनं आरोळी ठोकली,
चारही आत.
पुन्हा पहिल्यापासून.
हा खेळ कुणी शोधला असेल
त्याच्या घरीही कुणीतरी न झोपलेला असणार.

तरी तासाभरात तोही संपला.
तेव्हा मी शर्ट काढला आणि सरळ पालथा पडलो.
"पप्पा, काय झालं?"
"मी होडी. किनाऱ्यावर ओढून पालथी घातलेली.
पाणी गळतंय. डागडुजी करा."
"होडी बोलते?"
"नाही."

बोटांच्या बेचक्यांत कापूस गेला.
खोबरेल आलं, आधी थेंबथेंब, मग बाटलीभर.
चार हात पाठीवरून फिरायला लागले,
जिथं रात्रभर दोर ओढून गाठ धरलेली
नेमकं तिथं पारसनं गुडघा टेकवला.
होडी कण्हली.
"होडी बोलत नाही," जागृतीनं बजावलं.
तिनं कुठूनसं कालवाचं शिंपलं आणलं
आणि माझ्या खांद्यावरचे काकडे खरवडायला बसली.
"नाव काय लिहू होडीचं?"
एवढं ऐकलं. पुढचं नाही.

इंजिन बंद पडलं की जशी जाग येते
तशी जाग आली.
आवाज नव्हता.
आवाज नव्हता म्हणूनच.
विहीर, रस्ता, भरतीची वेळ,
सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं,
ताडकन उठायला गेलो आणि तोंडावर आपटलो.
उजव्या पायाच्या अंगठ्याला दोर होता,
दुसरं टोक खांबाला, नीट दोन फेरे मारून.

"वाहून जाशील म्हणून," पारस म्हणाला.
तो माझ्या पोटरीला टेकून बसला होता,
हातात तंगूसचा गुंता.
जागृती पलीकडं, परातीवर वाकलेली,
बोट ओठांवर:
"शू. आत्ता एक येतोय."

हेमांगी आली तेव्हा ऊन पडवीत शिरलेलं.
बाटली आडवी, चटई तेलकट, मी तसाच.
ओरडायला तोंड उघडलं तिनं,
मग पाठीवर काहीतरी वाचलं
आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.
काय लिहिलंय विचारलं तर सांगेना.
जागृती म्हणे, होडीला आपलं नाव दिसतं का कधी?

रात्री पुन्हा पाण्यावर,
शर्ट काढून नथूला म्हटलं, बघ रे जरा.
त्यानं टॉर्च मारला.
बराच वेळ मारला.
"तेलात धुवून निघालं नाही, म्हणजे मार्कर चांगला आहे," म्हणाला,
"फक्त दुसरी वेलांटी पाहिजे होती."