डोकं धरणारी

सातला कुलूप काढते. दुर्बिणीची नळी
रात्रभर कपाटात उभी टांगलेली.
डॉक्टर ती घशात घालतात, मी डोकं धरते.
अकरा वर्षं एवढंच काम.
नंदुरबारची किती डोकी या तळव्यांतून गेली,
तेल चोपडलेली, टक्कल पडलेली,
मिरचीची धूळ बसलेली. ती धरली
की पाणी माझ्या डोळ्यांना.

आज लोटन भोई, यार्डातला हमाल.
रात्रीपासून उपाशी.
डाव्या कुशीवर निजवला,
दातांत कडं दिलं, घशात कडू फवारा मारला.
त्याआधी म्हणाला होता,
‘पोटमा आग पडस. रातले दोन वाजता उठाडस.
भाकर खाधी की निजस.’

भाकरीनं निजणारी आग.
डॉक्टरांनी मान हलवली, मग विचारलं,
‘शौचाला काळं होतं का?’
लोटन छताकडे बघू लागला.
दारातून बायको म्हणाली, ‘डांबरासारखं. तीन दिवस.
सांगू नको म्हणत होता.’

गावाबाहेर पथारी पसरल्यात, डोळा पोचेल तिथवर लाल,
आणि सगळ्यांचं निदान आधीच झालेलं:
तिखटानं घात केला.
माझा बापही तसाच. तळोद्याच्या स्टँडवर
चहाच्या चोथ्यासारखी उलटी, आणि संपला.
लोक म्हणाले, रागीट होता, राग पोटात उतरला.
आईनं पुढे वर्षभर
भाजीत मिरची टाकली नाही.
मेलेल्या माणसाचं पथ्य आम्ही पाळलं.

नळी उतरते.
पडद्यावर ओला, गुलाबी बोगदा,
वळ्या, फेस, जठराचं दार,
मिटतं, उघडतं,
आणि दारापलीकडे लगेच
शेंगदाण्याएवढा खड्डा. तळ पांढरट, काठ सुजलेले.
रक्त थांबलंय.
लोटन ओकाऱ्या देतो, माझं मनगट पकडतो,
पोती उचलणारी बोटं.
‘नाकानं श्वास घ्या भाऊ. लाळ गळू द्या.
झालं. झालं.’
झालेलं नसतं.

चिमट्यानं कणीएवढा तुकडा काढतात जठरातून,
पिवळ्या डबीत टाकतात.
जंतू असेल तर पिवळ्याचं गुलाबी होईल.
तोवर बसायचं.

‘कमरेला काय घेतोस?’
खिशातून पट्टी निघते, घामानं मऊ झालेली.
किराणावाल्याकडची. सकाळी दोन, रात्री दोन,
उपाशीपोटी, चार वर्षं.
डॉक्टर पट्टी उलटी करतात, सुलटी करतात,
काही बोलत नाहीत.
मी डबीकडे बघते.
कडेनं रंग चढू लागलाय,
पथारीवरची हिरवट राहिलेली मिरची
दुपारपर्यंत हळूच रंग बदलते, तसा.

लोटन उठून बसतो, जीभ अजून जड,
‘मंग मिरचीना दोष नही?’
‘झोंबेल, म्हणून सध्या कमी खा.
खड्डा तिनं नाही खणला.
तो या जंतूनं, आणि तुझ्या पट्टीनं.’
बायको पदरात हसते की रडते, कळत नाही,
‘दोन वरीस फिकं रांधी रांधी मी थकनू!’

आता पाकिटांवर मी पेनानं सूर्य काढते, चंद्र काढते.
ही जेवणाआधी अर्धा तास. या जेवल्यावर.
चौदा दिवस, एकही चुकवायची नाही.
तोंड पत्र्यासारखं कडू होईल, होऊ द्या.
पाचव्या दिवशी बरं वाटेल, तो दिवस फसवा असतो.
बिडी बंद. पुन्हा काळं दिसलं
तर लाजायचं नाही, धावत यायचं.
गोळ्या संपल्यावर महिन्यानं परत तपासू,
जंतू गेला का.
आणि कमरेची गोळी, विचारल्याशिवाय, कधीच नाही.

लोटन सगळं ऐकतो. मग विचारतो,
‘आनि पोतं कसं उचलू?’

डॉक्टर चष्मा पुसतात.
चौदा दिवसांची चिठ्ठी लिहून देतात, हलकं काम द्यावे,
खाली सही, शिक्का.
लोटन ती चिठ्ठी घडी करून ठेवतो
पट्टी होती त्याच खिशात.
यार्डात हलकं काम कुठलं असतं,
हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं.

नळी धुते, दोनदा, ब्रश घालून.
मनगटावर चार बोटं उमटलीत.
डबी फेकायच्या आधी खिडकीपाशी धरते,
पार गुलाबी.
असली डबी तळोद्यात, त्या साली,
जाऊ दे.

बाहेर पुढचा माणूस बसलाय.
त्याला टोपी काढायला सांगते.