डाव्या पायाचं लोखंड

नया बाजारच्या मागे सलीममियाँच्या गॅरेजात
दार मिटू नये म्हणून सरकवलेलं एक लोखंड:
तळव्याच्या आकाराचं, एकाच पायाचं, डाव्या.
स्कूटरची क्लचवायर बदलून होईस्तोवर
मी ते उचलून पाहिलं.
"रख दीजिए मॅडम, उस्ताद की जूती है."

कोण उस्ताद?
"शिर्के साब. विलायत में रेस खेलते थे.
झूठ भी बोलते थे."

मी बत्तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला.
खोटं असेल तर नकाशावर सापडणार नाही,
एवढ्या भांडवलावर सुरुवात केली.

दोन वर्षं झाली त्याला.
तिकडचे एक गृहस्थ, प्रिचर्ड, वय सत्त्याऐंशी,
पाकिटं पाठवतात, जाड, जरा कुबट.
लढाई संपली तरी तिकडे साखर कार्डावर होती
आणि बुधवारी रात्री दहा हजार माणसं
अंगावर राख उडवून घ्यायला पैसे देऊन यायची.
चार गाड्या, चार फेऱ्या, एक गिअर, ब्रेक नाहीच.
वळण फक्त डावीकडे.
लोखंड बांधलेला पाय राखेत टाकायचा,
मागचं चाक सुटू द्यायचं
आणि सुटलेल्यावरच भरवसा ठेवायचा.

अवधूत शिर्के. कंपूतला. मिलच्या वर्कशॉपातून
इंजिनं शिकायला धाडलेला, सन अठ्ठेचाळीस.
कागदांवर तो असा: शर्क. शिर्की. ए. शर्कीज.
एकदा नुसताच "राखीव".
पहिली नोंद, तिसरा. मग शून्य. शून्य. इंजिन बंद.
दुसरा (याच्याखाली मी लाल पेन्सिलीने रेघ ओढली,
मुलींच्या वहीत ओढायचे तशी).
शून्य. पडला. तिसरा.
तेवीस सामने, एकेचाळीस गुण.
त्रेपन्नच्या जूननंतर काहीच नाही.
मेल्याची बातमी नाही, निरोपाचं भाषण नाही,
फक्त त्याच्या आकड्यावर, सातवर,
दुसऱ्या कुणाचं नाव. तेही चुकीचंच असेल.

पुढचं प्रिचर्डना ठाऊक नव्हतं. ते इथे होतं.
पौषात मेळा भरला की फळ्यांच्या विहिरीत
भिंतीवरून गाडी फिरवणारा एक माणूस.
अकरा मेळे. सुरुवातीला तिकीट दोन आणे.
मीही पाहिला असणार: सहा वर्षांची, मफलरात,
वडिलांच्या कडेवर, मुठीत गजक चिकटलेली.
आठवतो तो वास, जळक्या एरंडेलाचा,
आणि कठड्याला हनुवटी टेकल्यावर
दातांत शिरलेली फळ्यांची थरथर.
चेहरा आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला.
आठवतो असं लिहून टाकावं, असंही एकदा वाटलं.

गेल्या आठवड्याच्या पाकिटात एक कार्यक्रमपत्रिका,
कुणा प्रेक्षकाने पेन्सिलीने भरलेली,
पावसात भिजून वाळलेली.
नववी शर्यत. अधिकृत तक्त्यात त्याला शून्य.
इथे, चौकटीत, एक.
आणि समासात घाईघाईने:
"पडला. उठला. गाडी ढकलत रेघेपर्यंत आणली.
आम्ही सगळे उभे राहिलो."

कोण होतं हे, तेही कळायला मार्ग नाही.
बसची वेळ होत आली असेल,
बोटं गारठली असतील, तरी लिहिलं.

मी प्रिचर्डना कळवलं: बेचाळीस करा.
त्यांचं उत्तर आलं, अक्षर आता फारच हलतं:
एकाच पेन्सिलीचा पुरावा, बाई. विचार करतो.

सलीममियाँला हे सांगितलं
तेव्हा तो नळाखाली हात धूत होता.
"ढकेल के? हम से तो कहते थे, जीते थे."
बराच वेळ साबण फिरवत राहिला. काळा फेस.
मग पाठमोराच म्हणाला,
"आप बयालीस ही लिखिए."