आणि मुलगी

बक्षिसाच्या अर्जात निबंधाला जोडून
आम्ही अजून एक पान मागतो: शोध कसा घेतलात?
सगळ्यांची वाट सरळ असते.
सूची पाहिली, खोका मागवला, पुरावा मिळाला.
जणू आमचं तळघर म्हणजे मिठाचा डबा,
हात घातला की चिमूट वर.

डॉर्कस टिझार्डनं लिहिलं:
सप्टेंबरभर मी चुकीचा खोका वाचत होते.

सेंट जॉन्सला तेव्हा धुकं असं,
की बंदरात बोट नव्हे, नुसता तिचा भोंगा शिरायचा.
ही ओले बूट दाराशी काढून
मोज्यांवर बसायची,
मी व्यापाऱ्याच्या खतावण्या समोर ठेवायचो.
कॉड जमा. पीठ नावे, काकवी नावे, दोर नावे.
वर्षाअखेर बाकी शून्य, नाहीतर त्याच्याही खाली.
रोकड कुणी पाहिलीच नाही.

माचांवर मासा उलटणाऱ्या बायका कुठायत? तिनं विचारलं.
नाहीत, मी म्हटलं.
एकतीस वर्षं हेच सांगत आलोय.

त्या चुकीच्या खोक्यात होत्या.
चहा-साखरेच्या किरकोळ वह्यांत,
पुरुषाच्या नावाला चिकटून, बारीक अक्षरात:
विल्यम पेली आणि मुलगी.
एलायजा रोझ आणि मुलगी.
तिनं मोजल्या. चारशे बारा.

एका पानावर माशाचं खवलं होतं, सुकून काचेसारखं.
माझा हात सवयीनं ब्रशकडे गेला.
राहू दे, ती म्हणाली.
मी सूचीत नोंद केली: पान ८८, खवलं एक.

समितीत कुणीतरी कुरकुरलं,
शेवटी नाव एकही सापडलं नाही ना?
मला मत नसतं. मी फक्त खोके आणतो.
पण त्या दिवशी
वही उघडून टेबलावर ठेवली, आणि उचलायला विसरलो.

पाचशे डॉलर.
बेचाळीस तिथल्या तिथे उशिराच्या दंडात गेले,
त्यावर ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आई आली होती, ट्विलिंगेटहून, सहा तास गाडी हाकत,
मासळीच्या कारखान्यातली पाळी बदलून.
फोटोत ती जरा बाजूला उभी,
हात कोटाच्या खिशात.

विद्यापीठाच्या पत्रकात खाली छापून आलं:
डॉर्कस टिझार्ड आणि आई.

मी पेन्सिल घेतली. फोन केला.
नाव काय तुमचं, मी विचारलं,
आणि अक्षरं एकेक करून सांगा,
मला घाई नाही.