थर क्रमांक चार

सगळ्यात खाली विंडोज.
त्यावर प्लॅटफॉर्मचा थर, त्यावर ॲप्सचे,
आणि सगळ्यात वर, सायीइतका पातळ,
माणसाचा.

नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवते
तेव्हा फार सोपं दिसतं.
पौड रोडवरचं ड्रेनेजचं झाकण आठवा, मी सांगते.
दर वर्षी डांबराचा एक थर. झाकण तिथंच,
रस्ता तेवढा वर येत जातो,
आणि एक दिवस स्कूटरचं पुढचं चाक
सहा इंच खाली, तीन नगरसेवकांपूर्वीच्या काळात.
पोरं हसतात.
मग मीटिंगचं ॲप येतं.

त्याला घर दिलं तरी ते घरात राहत नाही.
प्रोग्रॅम फाइल्समध्ये ऐसपैस जागा ठेवलेली,
हे आपलं माणसाच्या प्रोफाइलमध्ये पथारी टाकून,
लपवलेल्या फोल्डरात,
लग्नघरी आलेल्या लांबच्या काकासारखं,
ज्याची बॅग नेमकी कपाटापुढं.
रात्री डेस्कटॉप पुसला जातो. रोज. तसंच ठरलंय.
सकाळी नऊला चारशे माणसं लॉगिन करतात
आणि चारशे काका एकदम दारात.

तिकीट आलं : ढमढेरे, हेमलता. क्लेम्स विभाग, खराडी.
'माझा आवाज शेजारी जात नाही.'

मी जाऊन बसले त्यांच्या मागं.
शेजारी म्हणजे खरंच शेजारी,
दीड हातावर नौशाद अत्तार, डबा उघडून.
बाईंचं 'हॅलो' हेडफोनमधून निघे,
तळवड्याच्या सर्व्हरवर जाई,
तिथं कुणाला कळत नसे हे कुणाच्या तोंडचं,
चार सेकंदांनी परत येई, कडा कुरतडलेलं,
तोवर नौशादनं ते नुसत्या कानानं ऐकलेलं असे
आणि उत्तरही दिलेलं, घास तोंडात असताना.

'आणि हे एक,' बाई म्हणाल्या. 'तिकिटात लिहिलं नाही.
एवढं काही नाही त्याचं.'
पडद्यावर निळी चौकट :
नमस्कार! तुम्ही इथं नवीन आहात. आपलं नाव?
'रोज सकाळी विचारतं.
अकरा वर्षं झाली मला या मजल्यावर.
मी आपली टाइप करते. पूर्ण नाव.
हेमलता दत्तात्रय ढमढेरे.'
आणि टाइप केलं, माझ्यासमोर, सावकाश,
चेकवर सही करावी तसं.

तीन रात्री गेल्या.
सगळ्या मशीनसाठीचा इन्स्टॉलर शोधला,
स्वतःहून अपडेट व्हायची खोड मोडली,
त्याला वेगळा थर दिला, एकट्याला,
बाकी ॲप्सशी त्याचं पटत नाही म्हणून.
थर बंद करायला घेतला की म्हणे, रीस्टार्ट बाकी आहे.
रीस्टार्ट केलं. म्हणे, रीस्टार्ट बाकी आहे.
साडेतीनला बाणेरच्या ऑफिसातला एसी बंद पडला
आणि पाषाणच्या बाजूनं एक मोर ओरडला,
त्याला कोणता सर्व्हर लागतो कोण जाणे,
थेट आला आवाज.
तेव्हा सुचलं : आवाज तळवड्याला पाठवायचाच कशाला,
टेबलाखालच्या डब्यातूनच सोडू दे,
सर्व्हरला नुसतं कळवलं की पुरे.

सोमवारी नऊ वाजता चारशे माणसं आत गेली.
कुणी काही बोललं नाही.
आमच्या धंद्यात यालाच टाळ्या म्हणतात.

साडेनऊला बाईंचा कॉल, त्याच ॲपवरून.
'ऐकू येतंय?'
येत होतं. बांगडी टेबलाला लागली तेही.
'छान झालंय,' म्हणाल्या. मग थांबल्या.
नेटवर्कचा उशीर नव्हता तो,
आकडा समोरच होता माझ्या, बावीस मिलिसेकंद.
'आता विचारत नाही.'

मी म्हटलं, 'आता ओळखतं ना तुम्हाला.'
'हो का,' म्हणाल्या. 'मग बरं.'

मागं नौशाद डब्याचं झाकण लावत होता.
स्पष्ट ऐकू आलं.