माफीचा रेनकोट

सुरतेचा एक पोरगा बावीस हजार द्यायला तयार आहे
एका रेनकोटाचे.
जो दोरीवर वाळत घालता येत नाही,
ज्याचं बटण तुटलं तर
शहापुरातला कुठलाच शिंपी लावून देणार नाही.

रंग मातकट. गुडघ्याखाली लोंबतो.
पाठीवरची शिवण वाकडी,
एका रात्रीत उरकलाय हे उघड दिसतं.
गोळी अडत नाही त्यानं, पळायचा वेग वाढत नाही.
तेव्हा गेमच्या दुकानात सोनेरी ड्रॅगन होते, पेटते पंख होते,
पैसे टाकले की मिळायचे,
म्हणून ज्याला त्याला मिळाले.
आता दर मॅचला दहा-बारा ड्रॅगन,
बाजारात पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यांसारखे.

हा विकत नव्हताच.
त्या रात्री सर्व्हर तीनदा पडला,
पहाटे कंपनीनं एक ओळ लिहिली, क्षमस्व,
आणि तेवढ्या वेळी जे जागे होते
त्यांच्या अंगावर हा चढवला.
सकाळी सगळे हसले.
बहुतेकांनी मोडीत काढला,
चाळीस नाणी मिळत होती.

वडगावात आमच्या गल्लीत त्या रात्री करंट गेलेला.
माग बंद.
बंद मागाचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक,
झोप येत नाही त्यात.
मी आणि सिद्दलिंग कांड्यांच्या पेटीवर,
दोघांत एक फोन, अकरा टक्के चार्ज.
डावा अंगठा त्याचा, उजवा माझा.
चालणं त्याचं, नेम माझा.
रेनकोट बघून तो म्हणाला, राहू दे की, पावसाळा येणारच हाय.

पासवर्डही असाच.
पहिला अर्धा त्यानं दाबला, मी भिंतीकडे बघत होतो.
दुसरा मी, तो भिंतीकडे.
पुढं त्यानं फोन घेतला तेव्हाही
दोघांनी तसंच उघडून दिलं.
त्याचा अर्धा कानडीत असणार.
माझा मराठीत आहे, एवढंच सांगतो.

मग सातशे रुपये.
गोकाकच्या स्पर्धेतलं बक्षीस, कुणी किती घ्यायचं.
एरवी तो माझ्याशी मराठी बोलायचा
आणि मी त्याच्याशी कानडी, मोडकी, हट्टानं.
त्या दिवशी तो कानडीत गेला, मी मराठीत,
आणि दोघांनाही
एकमेकांचं सगळं नीट कळलं.

चार वर्षं झाली. तो धारवाडला असतो म्हणे.

खडे बाजारात शौकतला फोन दाखवला.
बॅटरी भाकरीसारखी फुगलीय, पाठ उचलून आलीय.
तो म्हणाला, बदल हा फोन, एक दिवस पेटेल.
मी रेट विचारला रेनकोटाचा.
तो म्हणाला, चांगला हाय म्हणून रेट नाही, भरमू.
लोकांनी टाकून दिला, तू टाकायला विसरलास,
म्हणून रेट.

विकायचा तर पासवर्ड पूर्ण लागतो.
फोन बदलायचा तरी पूर्ण लागतो.
माझ्याकडे सहा अक्षरं आहेत.

म्हणून रोज रात्री कारखाना सुटला की
हा जुना फोन उशापासून लांब, फरशीवर चार्जिंगला लावतो.
गेम उघडतो, खेळत नाही.
तो उभा असतो नुसता, श्वास घेतल्यासारखा हलत,
मातकट, वाकड्या शिवणीचा.

परवा उघडलं तर
रेनकोटाची टोपी डोक्यावर होती.
मी कधी चढवत नाही. चेहरा झाकतो तिनं.
बराच वेळ बघत बसलो.
मग खाली केली, फोन ठेवला.

काल पुन्हा वर.
बाहेर आमच्याकडे ऊन.
धारवाडचं हवामान बघितलं:
पाऊस, रात्रीपर्यंत.