दोन ते चार

मुलासाठी गेलो होतो, खरं तर.
लाउरी सात वर्षांचा, गळ्यात नवा निळा स्कार्फ,
बुटांच्या नाड्या मात्र अजून माझ्याच हातांनी बांधलेल्या.
काजानीत चर्चच्या मागे ते लाकडी सभागृह,
आत ओल्या लोकरीचा वास,
आणि दारात एक बाई, हातात वही:
"तुमच्याकडे ट्रेलर ओढणारी गाडी आहे का?"
आहे, म्हणालो.
त्या एका शब्दाला यंदा अडतीस वर्षं झाली.

लाउरीनं तीन महिन्यांत स्काउट सोडलं.
त्याला आइस हॉकी हवी होती.
मी राहिलो,
वरात निघून गेल्यावर
कुण्या दूरच्या पाहुण्यानं
मांडवातल्या खुर्च्या आवरत बसावं, तसा.

काय मिळवलंत इतक्या वर्षांत,
डॉक्टरीणबाईंनी परवा गुडघा दाबत विचारलं.
पगार नाही. एक पदक मिळालं, ते कुठल्यातरी खणात आहे.
चाळीस माणसांपुरतं वाटाण्याचं सूप करता येतं,
एका माणसापुरतं नाही.
आणि डोकी मोजायची खोड.
बसमध्ये मोजतो, सौनात मोजतो, बँकेच्या रांगेत.
सिर्काला निरोप दिला त्या दिवशीही
कबरीपाशी उभं राहून नकळत मोजली.
एक कमी भरलं.
पुन्हा मोजली.

मग त्यांना मी तंबूचं सांगितलं.
आमच्या हिवाळी तंबूत मधोमध लोखंडी शेगडी असते,
ती राखायला रात्रभर कुणीतरी जागं लागतं.
दोन-दोन तासांची पाळी.
बाहेर उणे तेवीस, आत दहा पोरांचे श्वास.
बर्चचं लाकूड भसकन पेटतं, आल्डरचं सावकाश,
एक ओंडका संपत आला की दुसरा,
कापडावर ठिणगी उडाली तर ओला हातमोजा.
दोन ते चारची पाळी कुणालाच नको असते.
म्हणून ती माझी.

सिर्का गेली त्या हिवाळ्यात झोप उडाली.
रोज डोळे उघडावेत तर घड्याळात दोन.
लोक म्हणाले, गोळी घे.
मी स्वयंपाकघरातली चूल पेटवली,
स्टूल ओढलं आणि बसलो.
जागायचं कसं, हे माझ्या हातांना ठाऊक होतं:
पुढच्या ओंडक्यापुरतंच बघायचं,
पहाटेचं नाव काढायचं नाही.

एका रात्री पावणेचारला भिंतीवर पिवळा दिवा फिरला.
तानेली. नगरपालिकेचा बर्फ काढणारा ट्रॅक्टर हल्ली तो चालवतो.
अकराव्या वर्षी माझ्या स्लीपिंग बॅगवर ओकला होता,
आणि सकाळपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.
खिडकीत उजेड दिसला म्हणून थांबला.
बूट न काढता दारातच कॉफी प्यायला,
म्हणाला, "चार ते सहा माझी. तुम्ही पडा आता."
आणि पुढच्या गल्लीतला बर्फ लोटायला निघून गेला.
मी पडलो. झोपही लागली, कशी कोण जाणे.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा तळ्याकाठी तंबू.
गुडघा नवा, म्हणून मला शेगडीशेजारची जागा.
साइमीची पहिलीच पाळी, बारा ते दोन,
दहा वर्षांची, सोबतीला एक मोठी मुलगी, ती पेंगत होती.
साइमीनं लाकडं लहान-मोठी अशी लावून ठेवली,
मग पुन्हा लावली,
दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहिलं.
मी एक वाजल्यापासून जागाच होतो.
या वयात झोप म्हणजे उधारीचं गिऱ्हाईक,
आलं तर आलं.
पण डोळे मिटून घेतले, थोडा घोरलोही.

दोनच्या ठोक्याला खांद्यावर तिचा हातमोजा:
"उठा. तुमची पाळी."

लगेच उठलो नाही.
तिला दुसऱ्यांदा हलवू दिलं.