रुमालाखाली

सांगलीच्या यार्डात सौदा चालू.
हळदीच्या ढिगावर माझा रुमाल,
खाली शीतलचा हात, माझा हात.

चाळीस वर्षं बोटं आपली आपण बोलायची,
मी तिकडं चहा सांगत असायचो.
आता आधी मनात म्हणावं लागतं:
चार. चारच.
करंगळे, तू गप.
मग निरोप निघतो,
खांद्याशी रेंगाळतो, कोपराशी दम खातो,
मनगटात पोचून विचारतो,
काय सांगायचं होतं?

आज करंगळी थरथरली.
शीतलनं पुन्हा दाबून विचारलं, पाच?
डोळे माझे, चेहरा माझा, हे अजून ताब्यात.
व्हय, म्हणालो, ताठ मानेनं.
क्विंटलमागं शंभर, म्हटलं, गेले.

संध्याकाळी पावती बघितली.
चारचाच दर.
शीतलचं अक्षर, खाली त्याची सही,
आणि तो तिकडं दुसऱ्या ढिगावर,
माझ्याकडं पाठ करून.

शंभर गेले असते तर
एवढं लागलं नसतं.

रात्री पांघरुणाखाली
उजवा हात डाव्यात घेतो.
चार.
नाही, करंगळी खाली.
चार.
नखांतली हळद अंधारात दिसत नाही,
वास येतो.
परत.
चार.